माहुलीच्या घाटावरचा गालिचा

आप्पा, म्हणजे माझे वडील, गालिच्यावरून कधी सरळ चालत गेले नाहीत. कचेरी कुणाचीही असो, ते भिंतीच्या कडेकडेने जायचे, आणि मधे जाणं भागच पडलं तर आधी दारातल्या पायपुसण्यावर दोन्ही तळवे घासून घ्यायचे. तरुणपणी ते सांगली संस्थानच्या फरासखान्यात होते. बैठकी अंथरायच्या, जाजमं-गालिचे झाडायचे, तंबू-कनाती सांभाळायच्या, हे फरासाचं काम. पुढे तिथली माणसं कमी केली तेव्हा आप्पांनी तेच काम बाहेर सुरू केलं. हळदीच्या पेढ्या, एखादी बँक, सिनेमाचं थेटर, वकिलांची बसायची खोली, जिथं जिथं जमिनीवर काही अंथरलेलं असेल तिथं आप्पा जायचे. आमच्या स्वतःच्या घरात मात्र शेणानं सारवलेली जमीन आणि दोन घोंगडी, एवढंच.

घर गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या बोळात होतं. पुढच्या खोलीत कायम कुणाचं ना कुणाचं जाजम गुंडाळून उभं असायचं. लहानपणी मला ते पाहुणे वाटायचे. रात्री निजताना बाप्याएवढ्या उंचीची ती गुंडाळी भिंतीला टेकलेली दिसे आणि सकाळी उठावं तर तिच्या जागी दुसऱ्याच रंगाची. घराला रिठ्याचा वास असे. मागच्या परसात चुलीवर रिठ्याचं पाणी उकळत असे आणि त्याच्या शेजारच्या चुलीवर आमची आमटी. आई म्हणायची, "एकांदिवशी हातचं चुकंल आन् गालिच्याला आमटी घालीन मी." आईचं काम सुईचं. उसवलेली कड, उंदरानं कुरतडलेला कोपरा, विडीनं पडलेलं भोक ती दारात उजेडाला बसून अशी भरून काढी की आप्पांनासुद्धा नंतर जागा सापडत नसे.

सांगलीत हळद हवेतच असते. पेढ्यांवरच्या जाजमांवर तर ती पायांनी येऊन बसायची. त्या डागाला धुण्याचा सोडा लागला की तो कुंकवासारखा लालभडक होतो. साध्या पाण्यानं धुऊन उन्हात पसरला तर हळूहळू आपसूक उडून जातो. माझी वहिनी हौसा लग्न होऊन नवी नवी आली होती तेव्हा तिनं न विचारता एका जाजमाला सोडा चोळला. बघता बघता हाताखाली लाल रंग पसरला. ती किंचाळत उठली आणि स्वतःच्या बोटांवर कुठं कापलंय ते शोधायला लागली. आई एवढी हसली की तिला खालीच बसावं लागलं. हौसावैनी जतकडची. उंच, रुंद खांद्यांची, धनगराच्या शेजारात वाढलेली. लोकर हातात घेतली की ती मराठी विसरायची आणि ओंदु, एरडु करत कानडीत टाके मोजायची.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पलटणीत भरती होऊन लामावर, म्हणजे लढाईवर, गेला. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तो बोटीनं गेलाय. तो गेला आणि आप्पांचा दुसरा हात गेला. गालिचा एकट्या माणसाला गुंडाळता येत नाही. झोडताना तर समोर दुसरा माणूस हवाच. आधी गालिचा पालथा घालायचा, पाठीवर वेतानं झोडायचं म्हणजे मुळातली धूळ खाली गळते, मग उलटायचा. एकाचा वेत उठला की दुसऱ्याचा पडायचा, धप्प, धप्प. हे सगळं कचेऱ्या उघडायच्या आत उरकायला लागे. दादाच्या जागी मी आणि वैनी जायला लागलो. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. बोळातल्या बायका आईला म्हणायच्या, "पोरगी लग्नाची झाली आन् कचेऱ्या झाडती व्हय?" त्या रात्रीच्या भाकरीवर आईचे हात जरा जास्तच जोरात पडायचे. आता मी मलकापूरला मुलाकडे असते. परवा कराडच्या एका बँकेत गेले तर एक मुलगा नळीचं यंत्र गालिच्यावर फिरवत होता. सगळी धूळ पोटात ओढून घेणारं, घुंगुं आवाज करणारं. मी तिथं उभी राहून बराच वेळ बघत राहिले. त्याला वाटलं म्हातारी वाट चुकली.

आप्पांच्या सगळ्या कामांत मानाचं काम साताऱ्याचं. तिथं एका विमा कंपनीची मोठी कचेरी होती आणि तिच्या दिवाणखान्यात, पुण्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला, भिंतीपासून भिंतीपर्यंतचा लाल गालिचा होता. काठ गडद निळा. दरसाल कार्तिकात, नदी निवळली की आप्पा आणि दादा साताऱ्याला जाऊन तो माहुलीला कृष्णेत धुवायचे. त्या वर्षी पितृपंधरवड्यातच निरोप आला. बत्ती उलटून गालिच्यावर रॉकेल सांडलं होतं, कचेरीत वास बसवेना, आणि दसऱ्याला मुंबईहून बडे साहेब यायचे होते. दसऱ्याच्या आत गालिचा धुऊन, वाळवून अंथरलेला हवा. नाही तर पुण्याची माणसं बोलावतो, असंही त्यात होतं.

आप्पा दोन दिवस नदीवर जाऊन पाणी बघून आले. मग आईला म्हणाले, "नदी अजून पुरती उतरली न्हाई. पर काम सुटलं तर पुन्ना मिळायचं न्हाई." आईनं विचारलं, "उचलाय कोण?" आप्पांनी माझ्याकडे बघितलं, आणि वैनीकडे न बघता म्हणाले, "ह्या दोघी."

तेव्हा मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालायच्या. चढ आला की उतारूंनी उतरून मागून ढकलायचं. साताऱ्याला पोचेपर्यंत आमची तोंडं काळी झाली. मामाकडे उतरलो. मामीनं वांग्याची भाजी केली होती, पण आप्पांनी भाकरी अर्धीच खाल्ली आणि ते अंगणात जाऊन आभाळाकडे बघत राहिले. आभाळ स्वच्छ होतं.

सकाळी कचेरीत गेलो. मॅनेजरसाहेब काळ्या कोटातले, बारीक आवाजाचे. आम्ही टेबलं-खुर्च्या हलवत होतो तोवर ते दारात उभे राहून एकच सांगत होते, "जपून. तो मुंबईच्या हिशेबात आहे. जपून." मला आणि वैनीला बघून त्यांनी आप्पांना विचारलं, "मुलगा कुठाय?" आप्पा म्हणाले, "लामावर, सायब." ते दारातून बाजूला झाले. हमालांनी गुंडाळी बैलगाडीत घातली. गाडीवान आम्हाला माहुलीच्या घाटावर सोडून गेला. दिवस कलताना हमाल घेऊन परत येतो म्हणाला, कारण भिजलेला गालिचा उचलणं तिघांचं काम नव्हे.

पाणी गढूळच होतं, पण शांत. घाटाच्या खालच्या पायऱ्यांपाशी सपाट फरसबंदी आहे. तिच्यावर गुडघ्याएवढं पाणी होतं. तिथंच गालिचा पसरला. दोन कोपऱ्यांना काथ्याचे दोर बांधले होते. एका दोराचा वरच्या दगडी खांबाला वेढा देऊन आप्पांनी तो स्वतःच्या हातात ठेवला. दुसरा खालच्या कोपऱ्याचा, शेवटी ओढून घेताना धरायचा, म्हणून तसाच मोकळा सोडला होता. मी आणि वैनीनं लुगडी वर खोचली आणि रिठ्याचं पाणी ओतत गालिचा तुडवायला लागलो. पायाखाली लोकर फुगत होती, रॉकेलचे निळे-जांभळे तवंग बाजूला सरकत होते. वैनी कानडीत काहीतरी गुणगुणत होती. आईनं दिलेली भाकरी आणि खर्डा आम्ही पायऱ्यांवर बसून खाल्ला, आणि पुन्हा उतरलो. निळा काठ उजळायला लागला होता. आप्पांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी जरा सुटल्यासारखं दिसलं.

आधी पाचोळा आला. मग फेस. मी तो पायानं बाजूला सारला. मला वाटलं रिठ्याचाच आहे. मग एक हिरवी फांदी, पानांसकट, आमच्या अंगावरून गेली, आणि आप्पा वरून ओरडले, "वर या! वर या दोघी! पानी आलं!" डोंगरात कुठंतरी, महाबळेश्वराच्या अंगाला, मोप पाऊस झाला होता. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं आणि पाणी मांड्यांपर्यंत चढलेलं होतं. मी पायरी गाठली. मागं वळून बघितलं तर वैनी निघत नव्हती. ती ओणवी होऊन पाण्यात काहीतरी चाचपत होती.

"वन्सं," ती म्हणाली, अगदी हळू, "माझा पाय."

मोकळ्या दोराचा वेढा तिच्या घोट्याला बसला होता. तेवढ्यात गालिचा उचलला. खालून पाणी शिरलं आणि तो सबंध, एखाद्या जनावरानं पाठ वर करावी तसा, फरसबंदीवरून सुटला आणि धारेकडे वळला. वैनी आडवी पडली. मी कशी पोचले ठाऊक नाही. माझा एक हात पायरीच्या दगडाला आणि एक तिच्या दंडाला होता. गालिचा तिला पायाकडून ओढत होता. तिचं तोंड पाण्याखाली जायचं, वर यायचं. वर आली की ती ओरडायची नाही, नुसती मोठ्यानं श्वास घ्यायची.

आप्पांच्या हातातला दोर ताणून खांबावर करकरत होता. त्यांनी तो सोडला असता तर गालिचा वैनीला घेऊनच गेला असता. धरून ठेवला तर ती तिथंच बुडत होती. पाणी आता पायरीवर माझ्या पोटाला लागत होतं. "इळा घे!" आप्पा ओरडले. काथ्या तोडायला आणलेला विळा वरच्याच पायरीवर होता. "वैनीला सोडू?" मी ओरडले. "सोडू नगं! पायानं वड!" मी पाय लांब करून विळा खाली ओढला, दगडावर छाती टेकून स्वतःला तोलून धरलं आणि दोर शोधायला लागले. भिजलेला काथ्या, ताणलेला, पाण्याखाली. विळा त्याच्यावरून नुसता घसरत होता.

तेव्हा आप्पांनी जे सांगितलं ते मला आधी कळलंच नाही. ज्या माणसानं आम्हाला गालिच्याजवळ आडकित्तासुद्धा आणू दिला नव्हता तो माणूस ओरडत होता, "दोर न्हाई, गालिचा काप! तारा, कोपरा काप! काप त्यो!"

धारेनं कोपरा दुमडून माझ्या हाताशी आणला होता. निळ्या काठात मी विळा घातला. लोकर लगेच फाटली, पण खालचा सुताचा ताणा चिवट होता. करवतीसारखं पुढं-मागं करावं लागलं, आणि दर वेळी विळा अडकला की वैनी पाण्याखाली जात होती. एका क्षणी ती वर आलीच नाही. मी दोन्ही हातांनी विळा धरला, म्हणजे तिचा दंड माझ्या हातून सुटला, आणि अंगातला सगळा जोर लावून ओढला. कोपरा तुटला. गालिचा मोकळा झाला आणि वैनीही. कापलेला तुकडा आणि दोर घोट्याला, आणि ती धारेत फिरत चाललेली.

"हौसाऽ!"

सासरे सुनेचं नाव घेत नसत. आप्पा तिच्याशी कधी समोरासमोर बोललेसुद्धा नव्हते. काही सांगायचं झालं तर मला किंवा आईला उद्देशून सांगायचे. ती हाक मी कानांनी ऐकली. पाठोपाठ खांबावरून सर्रकन दोर सुटल्याचा आवाज आला. आप्पांनी गालिचा सोडला होता आणि पाण्यात उडी घेतली होती. घाटाच्या पुढच्या वळणाला पाणी जरा मागं फिरतं. तिथं त्यांनी तिचा धडपडता हात पकडला, मग केस पकडले. मी पायऱ्यांवरून धावत तिकडं गेले. तिथल्या देवळातून दोन माणसं उतरून आली होती. चौघांनी मिळून तिला वर घेतलं. नदीच्या मध्यावर लाल गालिचा पसरून, अगदी कचेरीत अंथरावा तसा सपाट होऊन, चालला होता. आप्पांनी तिकडे बघितलं नाही. ते दातांनी वैनीच्या घोट्याचा दोर सोडवत होते. ती पालथी पडून पाणी ओकत होती.

मामाच्या घरी पोचलो तेव्हा मामा म्हणाला, "आसंच्या आसं सांगलीला जावा. मी इथं बघतो काय सांगायचं ते." आप्पा म्हणाले, "गालिचा माझ्या हातनं गेला. मलाच सांगाय पायजे." त्यांनी मला आणि वैनीलाही बरोबर घेतलं. वैनीला नीट चालता येत नव्हतं.

दिवाणखाना मोकळा होता. गालिचा होता तिथली फरशी फिकी, बाकीची काळवंडलेली. आप्पांनी सगळं सांगितलं आणि कापलेला कोपरा टेबलावर ठेवला. मॅनेजरसाहेबांनी तो बोटांनी उलटा करून बघितला.

"हा तर कापलेला आहे."

"व्हय सायब. आमीच कापला."

"एवढा गालिचा वाहून जातो आणि नेमका कापलेला तुकडा तेवढा राहतो? कुणाला विकलास?"

आप्पांनी कोपऱ्याकडे पुढं केलेला हात मागं घेतला. तेव्हा वैनी पुढं आली. कचेरीतली कारकून मंडळी मान वर करून बघत होती. तिनं लुगडं पोटरीपर्यंत वर उचललं आणि पाय पुढं केला. दोरानं कातडं सोलून गेलं होतं, मांस दिसत होतं. आईनं बघितलं असतं तर तिला घरात घेतलं नसतं, एवढ्या पुरुषांसमोर पाय उघडा केला म्हणून.

"आवं सायब," ती म्हणाली, "विकायचा असता तर मला कशाला बांदली असती?"

कुणी हसलं नाही. साहेब तिच्या पायाकडे बघून चटकन दुसरीकडे बघायला लागले. "मी मुंबईला काय सांगू?" ते म्हणाले. मग आवाज चढवून, "फौजदाराला बोलावतो. तो बघेल काय ते."

"बोलवा," आप्पा म्हणाले. "आमी हितंच बसतो." आणि ते त्या फिक्या फरशीच्या मधोमध बसले. आम्हीही बसलो. कारकून टाक चालवत होते, पण कुणाचं लिहिण्यात लक्ष नव्हतं. शिपाई दारात उभा राहिला, जायचं की नाही ते न कळून. दर वेळी बाहेर बूट वाजले की मी वैनीचा हात दाबायची. तिचा हात तापानं कढत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग घाटावर आम्ही न दिसल्यामुळे आमचा गाडीवान आला, देवळातून धावून आलेल्या दोघांपैकी एकाला बरोबर घेऊन. त्या माणसानं बघितलं ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, टेबलावरचा तुकडा उचलला, कपाटात टाकला. "जा," ते म्हणाले. "आणि पुन्हा या कचेरीत पाऊल टाकू नका."

सांगलीला आलो तेव्हा नदी आमच्या घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागली होती. माहुलीचं तेच पाणी. आप्पा बराच वेळ तिथं उभे होते. तो गालिचा कुठल्या तरी घटकेला आमच्या घरासमोरून गेला असणार, हे त्यांच्या मनात आलं असेल का, मला ठाऊक नाही.

बातमी आमच्या आधी पोचली होती. थेटरच्या मालकानं निरोप पाठवला, सध्या झाडायचं नाही. बँकेनं तर निरोपही पाठवला नाही. आम्ही पहाटे गेलो तर दार उघडलंच नाही. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभं असणारं काहीच राहिलं नाही, आणि ती खोली मला कधी नव्हे ती मोठी वाटायला लागली. आई वैनीच्या पायाला रोज हळद आणि तेल लावायची, फुंकर घालायची. पण एका संध्याकाळी, वाढता वाढता, तिच्या तोंडून गेलंच. "पायात दोर घोटाळूस्तवर कळलं न्हाई व्हय गं तुला?" वैनीचा घास हातातच राहिला. तिनं ताट सरकवलं आणि उठून परसात गेली. आप्पा जेवत होते. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं मला आईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनाही तसंच वाटतंय का? वैनीलाही तोच प्रश्न पडला असणार. त्यानंतर ती आप्पांच्या समोरून जाईनाशी झाली. जतला माहेरी जाते, दादा लढाईवरून परत येईपर्यंत तिथंच राहते, असं ती मला परसात म्हणाली. कपड्यांचं गाठोडं तिनं बांधूनही ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आप्पांनी वेत काढले. हळदीच्या जुन्या पेढीवर जायचं म्हणाले. तिथून अजून नकार आला नव्हता. "दोघींनी चला," ते मला म्हणाले. वैनी आली, पण चार पावलं मागं राहून, लंगडत.

पेढीचे दिवाणजी म्हातारे, कानाला कमी ऐकू येणारे, म्हणून मोठ्यानं बोलणारे. ओट्यावर दात घासत उभे होते. बाजारात गाड्या सुटत होत्या, हमाल जमले होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "काय आप्पा, साताऱ्याचा गालिचा गेला म्हणे?"

"गेला."

"एवढा मोठा? सगळा?"

"सगळा."

"कोपरा तेवढा राहिला म्हणतात."

आप्पांनी वेत खाली ठेवले. मागं वळून बघितलं. वैनी खाली मान घालून पायरीशी थांबली होती.

"कोपऱ्याचं कुनी सांगितलं तुमास्नी?" ते दिवाणजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "सून ऱ्हायली माझी. ही काय, हुबी हाय."

दिवाणजींनी तिच्याकडे बघितलं, चूळ भरली आणि कमरेची किल्ली काढून दार उघडलं.